क्लो द वूझो: एकाच नावाच्या अनेक वाईन, त्यातली आपली बाटली कशी निवडायची

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, दिजाँ शहराच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, दगडी भिंतीच्या आत एक द्राक्षबाग आहे. क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, आपल्या हिशेबात सव्वाशे एकर. नाव क्लो द वूझो. 'क्लो' म्हणजे भिंतीनं बंदिस्त केलेली बाग. वूझो हे गावाचं नाव, तिथून वाहणाऱ्या वूझ या छोट्या नदीवरून पडलेलं. द्राक्ष पिनो न्वार आणि दर्जा ग्राँ क्रू, म्हणजे बर्गंडीतली सर्वांत वरची पायरी.

नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो पुढे. या सव्वाशे एकरांचे सुमारे ८० मालक आहेत. प्रत्येकजण आपापल्या पट्ट्यातली द्राक्षं तोडतो, आपल्या पद्धतीनं वाईन करतो आणि बाटलीवर 'क्लो द वूझो' लिहितो. तसा हक्क सगळ्यांना सारखाच आहे. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर किमतीत कित्येक पटींचा फरक दिसतो आणि चवीतही तेवढाच पडू शकतो. यात फसवणूक कुणाचीच नसते. पण नुसत्या नावावर पैसे टाकणाऱ्याला महागडी आणि पातळ वाईन मिळण्याची शक्यता बरीच असते. ते टाळण्यासाठी हा लेख.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

निवडीसाठी: बागेचा मालकवार नकाशा. इंटरनेटवर आणि वाईनच्या चांगल्या पुस्तकांत तो सहज मिळतो, आणि त्याशिवाय पुढं जाऊ नये.

प्रवासासाठी: पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, डोमेनकडून (म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची वाईन करणाऱ्या मालकाच्या संस्थेकडून) आलेला भेटीच्या वेळेचा ईमेल, आणि बाटल्यांसाठी हवा भरलेली किंवा जाड फोमची वेष्टनं.

बिलांसाठी वेगळं पाकीट. करपरतावा आणि आपल्याकडचं कस्टम, दोन्हीकडे मूळ बिल मागतात.

घरी: दोन पात्यांचा बूच-ओढणा (जुन्या बुचांसाठी), साधा कॉर्कस्क्रू, स्वयंपाकघरातला थर्मामीटर, छोटा टॉर्च, डिकँटर किंवा स्वच्छ काचेचा जग, आणि पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळते मोठे ग्लास.

१. सगळ्यात आधी उतार समजून घ्या

ही बाग सितो मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी उभी केली. मठ १०९८ चा. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून साधूंना इथे दानात जमिनी मिळू लागल्या, काही त्यांनी विकत घेतल्या, काही अदलाबदलीत मिळवल्या. तुकडे जोडत जोडत १३३६ पर्यंत भिंत पूर्ण झाली. भिंत घातली ती मालकीची हद्द म्हणून. आतली सगळी माती एकसारखी आहे, असा त्याचा अर्थ नव्हता आणि आजही नाही.

बाग पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. तिचे ढोबळ तीन भाग धरा.

वरचा भाग, जुन्या शातोच्या, म्हणजे बागेतल्या गढीवजा वाड्याच्या, आसपासचा. इथे मातीचा थर उथळ, खाली चुनखडीचा दगड, वर बारीक खडी. पाणी लगेच निचरतं. या भागाची हद्द म्यूझिनी आणि ग्राँ-एशेझो या दोन नावाजलेल्या बागांना भिडते. इथल्या वाईनला सुगंध आणि बांधा दोन्ही असतात.

मधला भाग. चुनखडीत चिकणमाती मिसळलेली, उतार सौम्य. कोरड्या वर्षी उत्तम, पावसाळी वर्षी मध्यम.

खालचा भाग, दिजाँहून बोनकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून. इथे माती खोल आणि भारी, जमीन जवळजवळ सपाट. शिवाय रस्ता शतकानुशतकं भराव घालून उंच होत गेला, त्यामुळे पाऊस झाला की कडेच्या ओळींत पाणी तुंबतं. काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात द्राक्ष लावलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला याचा परिणाम वेगळा सांगायला नको. मुळं वर राहतात, मणी फुगतात, रसात पाणी वाढतं आणि सालीच्या मानाने रस जास्त झाला की वाईनचा रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात.

वरची वाईन पोपसाठी, मधली राजांसाठी आणि खालची साधूंसाठी, अशी एक कथा तिथे सर्रास ऐकवतात. ऐकायला छान आहे, पण तिला आधार मानून खरेदी करू नका. साधूंच्या हातात सबंध बाग होती आणि ते वेगवेगळ्या भागांचा माल एकत्र करू शकत होते. आजच्या दीड एकरवाल्या मालकाला ती सोय नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

बागेच्या आतही पोटनावं आहेत: ग्राँ मोपेर्त्वी, पती मोपेर्त्वी, म्यूझिनी (नाव शेजारच्या बागेसारखंच, पण हा तुकडा भिंतीच्या आतला), गारेन, प्लांत लाबे वगैरे. आपल्याकडे एकाच गटात 'विहिरीचं रान', 'खालचं वावर' असतं, तशीच. काही मालक पोटनाव लेबलवर छापतात. 'म्यूझिनी' किंवा 'ग्राँ मोपेर्त्वी' दिसलं तर वाईन वरच्या भागातली आहे हे लगेच कळतं.

२. मालक निवडा, मग बाटली

फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली. त्यानंतरही बाग बराच काळ एकसंध राहिली. १८१८ पासून ऊव्रार घराण्याकडे होती. १८८९ मध्ये ती सहा व्यापाऱ्यांना विकली गेली आणि तिथून तुकडे सुरू झाले. पुढे फ्रान्सच्या वारसा कायद्यानं, म्हणजे सगळ्या मुलांना वाटा देण्याच्या नियमानं, तुकड्यांचे तुकडे केले. सातबाऱ्यावर वारसांची रांग वाढत जाते ते आपण पाहतोच.

८० मालकांत ५० हेक्टर म्हणजे सरासरी दीड एकर. काहींकडे तर मोजक्या ओळीच आहेत. त्याचे दोन परिणाम होतात. बर्गंडीच्या एका पिंपात २२८ लिटर मावतात, म्हणजे सुमारे ३०० बाटल्या. ज्याच्याकडे एकदोन पिंपांपुरतीच द्राक्षं येतात, त्याला आंबवण्याच्या टाकीचं तापमान सांभाळणं अवघड जातं आणि एखादं पिंप बिघडलं तर बदली माल नसतो. दुसरं म्हणजे, ज्याची एकच पट्टी आहे तो हवामानाच्या कृपेवर असतो. वर, मध्ये, खाली असे तुकडे असलेल्या मालकाला कमीजास्त करून तोल साधता येतो.

सुरुवात करणाऱ्याला नावांची लांबलचक यादी नको असते, म्हणून थोडकी नावं.

शातो द ला तूर: सर्वांत मोठा मालक, साडेपाच हेक्टरांच्या आसपास. भिंतीच्या आतच वाईन बनवणारं एकमेव डोमेन. द्राक्षं बहुतांशी देठासकट आंबवतात, त्यामुळे वाईन तरुणपणी कडक लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो. एक सूचना: हा शातो आणि बागेतला जुना ऐतिहासिक शातो या दोन वेगळ्या इमारती आहेत.

मेओ-काम्युझे: सुमारे तीन हेक्टर, जुन्या शातोच्या लगत. जागा आणि हात दोन्ही उत्तम, किंमतही तशीच.

आन ग्रो यांची 'ग्राँ मोपेर्त्वी' आणि ग्रो फ्रेर ए सर यांची 'म्यूझिनी': दोन्ही वरच्या भागातल्या, लेबलवर पोटनाव असलेल्या.

डोमेन द'उझेनी: हीदेखील वरच्या बाजूची. २००६ मध्ये हे डोमेन विकलं गेलं. त्याआधी ते रने एंजेल या नावानं चाले, म्हणून जुन्या बाटल्यांवर ते नाव दिसतं.

झाँ ग्रिव्हो: यांचा मोठा तुकडा खालच्या भागात, रस्त्याकडे आहे, आणि तरीही वाईन पहिल्या रांगेत मोडते. निचऱ्याची काळजी, कमी उतारा आणि नेमकी तोडणी, यांच्या बळावर खालच्या रानातूनही काय काढता येतं याचं हे उदाहरण. म्हणून नकाशावर जागा पाहताना मालकाचा हात कसा आहे तेही विचारात घ्या. दोन्हींत एक निवडायची वेळ आली तर आम्ही मालकाकडे झुकू.

लर्वा हे नाव ऐकलं असेल. वाईन अप्रतिम, पण किंमत हजारो युरोंत. पहिल्या बाटलीसाठी तिकडे वळू नका.

लुई जादो, जोसेफ द्रुआँ, फेव्हले यांसारख्या मोठ्या घरांकडेही स्वतःचे पट्टे आहेत. त्यांच्या बाटल्या भारताबाहेरच्या मोठ्या दुकानांत तुलनेनं सहज मिळतात आणि दर्जात सातत्य असतं. सुरुवातीला हा मार्ग सर्वांत निर्धोक.

३. लेबल वाचताना होणाऱ्या चुका

पहिली आणि सर्वांत महाग चूक: 'वूझो' आणि 'क्लो द वूझो' एकच समजणं. नुसतं 'वूझो' म्हणजे गावपातळीची वाईन. 'वूझो प्रमिये क्रू' म्हणजे गावातल्या दुसऱ्या बागांची, ग्राँ क्रूच्या एक पायरी खालची वाईन. त्यात 'क्लो द ला पेरिएर' आणि 'ल क्लो ब्लां द वूझो' अशी नावं येतात आणि घाईत 'क्लो' व 'वूझो' हे दोन शब्द दिसले की डोळा फसतो. क्लो ब्लां तर पांढरी वाईन आहे. खऱ्या क्लो द वूझोवर 'ग्राँ क्रू' छापलेलं असतंच, आणि ती लालच असते. 'क्लो वूझो', मधला 'द' नसलेलं, हे मात्र चालतं. दोन्ही रूपं अधिकृत आहेत.

दुसरी चूक: शातोचं चित्र पाहून भाळणं. १९४४ पासून तो शातो 'शव्हालिए द्यु तास्तव्हँ' या वाईनप्रेमींच्या मंडळाकडे आहे. मंडळाकडे इमारत आहे, भोवतालच्या वेली नाहीत. हे मंडळ वर्षातून दोनदा बर्गंडीच्या वाईन चाखून निवडक वाईनना 'तास्तव्हिनाज' हे रंगीत, क्रमांक असलेलं लेबल देतं. त्या लेबलावर शातोचं नाव येतं, पण आतली वाईन बर्गंडीतल्या कुठल्याही गावची असू शकते. निवड म्हणून तिला मान आहे, फक्त तिला क्लो द वूझो समजू नका.

तिसरी: बाटली कुणी भरली हे न पाहणं. 'मिझाँ बुतेय ओ दोमेन' लिहिलेलं असेल तर ज्यानं द्राक्षं पिकवली त्यानंच भरली. फ्रान्समध्ये विकलेल्या अनेक बाटल्यांच्या टोपणावर गोल शिक्का असतो. त्यात 'आर' अक्षर असेल तर उत्पादक, 'एन' असेल तर व्यापारी. व्यापाऱ्याची वाईन वाईट असते असं नाही. फक्त द्राक्षं कुठल्या पट्ट्यातून आली ते तिथे कळत नाही आणि दरवर्षी पट्टा बदलू शकतो.

४. वर्ष कोणतं घ्यावं

ही वाईन तरुणपणी बंद असते. पहिल्या पाचसात वर्षांत उघडली तर तुरटपणा आणि पिंपाच्या लाकडाची चव पुढे येते, फळाची मागे राहते. चांगल्या वर्षाच्या वाईनला दहा वर्षं किमान द्या. वीस वर्षंही ती सहज काढते.

२००५ आणि २०१० ही दोन्ही भक्कम वर्षं, आता पिण्याच्या टप्प्यात येणारी, पण महाग. २०१५ उन्हाळी आणि गोलसर. २०१६ मध्ये एप्रिलच्या अखेरीस दहिवरानं कोंब जाळले, उतारा घटला. जे उरलं ते मात्र सुरेख. २०१७ मध्ये पीक मुबलक आलं, वाईन हलकी आणि लवकर पिण्याजोगी. आजच उघडायची असेल आणि बजेट आवळलेलं असेल तर हेच वर्ष शोधा. २०१८, २०१९, २०२० ही तिन्ही गरम वर्षं. वाईन गडद, अल्कोहोल जरा चढं, अजून ठेवण्याजोगी. २०२१ ला पुन्हा दहिवर, माल अगदी कमी, वाईन सडपातळ आणि जुन्या वळणाची. २०२२ ला पीकही आलं आणि दर्जाही.

वर्षाचा आणि उताराचा संबंध विसरू नका. कोरड्या, उष्ण वर्षी खालच्या भारी जमिनीला ओल धरून ठेवण्याचा फायदा होतो आणि तिथली वाईन अपेक्षेपेक्षा चांगली निघते. पावसाळी वर्षी मात्र वरच्या भागाखेरीज दुसरीकडे पाहू नये.

५. खरेदी

अस्सल बाटलीची किंमत तीन आकडी युरोंत सुरू होते. कुणी अर्ध्या किमतीत देत असेल तर त्यामागे तीनच कारणं असू शकतात: वर्ष कमी प्रतीचं, साठवण खराब, किंवा बाटली नकली. ताज्या वर्षाची बाटली असेल तर विश्वासू दुकानातून घ्या आणि बिलावर डोमेनचं नाव व वर्ष लिहून घ्या. एवढं पुरे.

जुनी बाटली घेताना जास्त काळजी हवी. टॉर्च घेऊन पाहा:

- पातळी. बर्गंडीच्या बाटलीचा खांदा उतरता असतो, म्हणून बुचापासून वाईनपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. वीस वर्षांच्या बाटलीत दोन-तीन सेंटिमीटर स्वाभाविक. पाचाच्या पुढे गेलं तर सोडून द्या.
- बूच. टोपणावरून बोट फिरवा. बूच वर आलेलं असेल, टोपण चिकट असेल किंवा गळतीचा ओघळ असेल तर बाटली उष्णतेत राहिलेली आहे.
- रंग. मानेतून उजेड टाका. विटकरी, माणकासारखा झळाळता रंग चालतो. मळकट तपकिरी नको.
- मालकाचा काळ. बाटलीवर जे वर्ष आहे त्या वर्षी त्या डोमेनकडे तिथे जमीन होती का? हे तपासणं क्षुल्लक वाटतं, पण बर्गंडीच्या नकली बाटल्यांचं सर्वांत गाजलेलं प्रकरण यावरच फुटलं. न्यूयॉर्कच्या २००८ च्या एका लिलावात क्लो सां-दनी या दुसऱ्या बागेच्या अशा जुन्या वर्षांच्या बाटल्या आल्या होत्या, ज्या वर्षांत लेबलवरचं डोमेन ती वाईन बनवतच नव्हतं. खुद्द त्या डोमेनच्या मालकानंच ते दाखवून दिलं.

नवख्यानं लिलावातून जुनी बाटली घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

६. बागेत जायचं असेल तर

पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून दिजाँला वेगवान गाडीनं साधारण दीड-पावणेदोन तास लागतात. दिजाँ–बोन मार्गावरच्या स्थानिक गाडीनं वूझो–जियी-ले-सितो स्थानकावर उतरा आणि पायी शातो गाठा, अर्ध्या तासाच्या आतबाहेरचं चालणं आहे. स्थानिक गाड्या दिवसभर सारख्या नसतात. परतीची वेळ आधी पाहून ठेवा, नाहीतर दोन-तीन तास फलाटावर बसावं लागेल.

शातो संग्रहालय म्हणून तिकिटावर खुला असतो. आत साधूंचं बाराव्या शतकातलं कोठार आहे, तळघर न खणता जमिनीवरच जाड भिंतींनी थंड ठेवलेलं. शेजारच्या दालनात तेलाच्या घाण्याची आठवण यावी असे चार अजस्र लाकडी दाबयंत्रांचे सांगाडे. देखणा भाग १५५१ मधला, कोठाराच्या कितीतरी नंतर बांधलेला. घाईत असाल तर दर्शनी भागावर वेळ न घालवता दाबयंत्रांपाशी थांबा. तुळईच्या टोकाला वजन देऊन साली कशा पिळत, ते तिथे उभं राहिल्यावर कुठल्याही चित्रापेक्षा लवकर उमगतं.

मग बागेतल्या रस्त्यानं वरून खाली चालत जा. ही फुकट गोष्ट बहुतेक पर्यटक करत नाहीत, आणि इथे येण्याचं खरं कारण तीच आहे. वर बुटाखाली खडी वाजते, खाली पाऊस झालेला असेल तर तळव्याला चिखल धरतो. आत ठिकठिकाणी मालकांच्या नावाच्या दगडी कमानी दिसतील. हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली, गुडघ्या-कमरेइतक्या उंच, आणि मांडव कुठेच नाही. नाशिक-सांगलीची बाग डोळ्यांत बसलेल्या माणसाला सुरुवातीला ही बाग वाटतच नाही. ओळींत शिरू नका, घडाला हात लावू नका.

डोमेनमध्ये चाखायला जायचं तर काही आठवडे आधी ईमेल करा. चारपाच ओळी पुरतात: कोण, किती जण, कोणती तारीख, कोणती भाषा. उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा. लहान डोमेनमध्ये मालकच छाटणी करतो, मालकच ईमेल वाचतो. सप्टेंबरच्या तोडणीत कुणी भेटणार नाही, ऑगस्टमध्ये बरीच डोमेन बंद असतात, आणि दुपारी १२ ते २ जेवणाची सुट्टी सगळीकडे कसोशीनं पाळतात. चाखताना वाईन थुंकणं हा तिथे रिवाज आहे, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. संकोचून सगळं प्यायलात तर चौथ्या पेल्यानंतर जीभ काम करत नाही.

७. भारतात आणताना

प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन होतात आणि मर्यादेवरच्या भागावर भारी शुल्क लागतं. निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम पाहून घ्या. जास्त आणल्या असतील तर रेड चॅनलनं जा आणि बिल दाखवा. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो घेऊन ठेवा.

बाटली हातातल्या सामानात जाणार नाही, १०० मिलीचा नियम आड येतो. चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मध्यभागी, वेष्टनात गुंडाळून, कडेपासून लांब ठेवा.

इथे एक सापळा आहे. एका दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी झाली तर युरोपाबाहेर राहणाऱ्याला करपरतावा मिळतो. दुकानदाराकडून अर्ज भरून घ्यायचा आणि विमानतळावर यंत्रात स्कॅन करायचा. पण कस्टमवाले माल पाहायला मागू शकतात. त्यामुळे आधी परताव्याचं काम, नंतर बॅग देणं. उलट केलंत आणि कुणी बाटली दाखवा म्हणालं, तर ती तोवर विमानाच्या वाटेवर गेलेली असते.

उन्हाळ्यात आणत असाल तर गाडीच्या डिकीत बाटली ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीतला एक तास दहा वर्षांच्या साठवणीवर पाणी फिरवायला पुरतो.

८. घरी ठेवणं

हवं ते एवढंच: १२ ते १४ अंश तापमान, अंधार, स्थिरता, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, आणि बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहील.

आपल्या घरात हे आपोआप कुठेच मिळत नाही. माळा, दिवाणाखालचा कप्पा, देवघराशेजारचं कपाट, या सगळ्या जागा एप्रिलमध्ये तीस अंशांच्या वर जातात. साध्या फ्रिजमध्ये चार अंश, कोरडी हवा आणि सततची थरथर असते. दोन-तीन आठवडे चालेल, वर्षभर ठेवलं तर बूच सुकतं. वर्षांसाठी ठेवायची असेल तर कॉम्प्रेसरचं वाईन कपाट घ्या. कॉम्प्रेसर नसलेली स्वस्त कपाटं बाहेरच्या तापमानाच्या प्रमाणातच थंड करतात, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती हरतात. वीज जाणारा भाग असेल तर कपाट शक्य तेवढं भरलेलं ठेवा आणि दार उघडू नका. भरलेलं कपाट सावकाश तापतं. पावसाळ्यात लेबलांना बुरशी येते. बाटली पातळ प्लास्टिकमध्ये सैलसर गुंडाळा.

आणि यातलं काहीच जमणार नसेल तर? मग आधीच पिकलेली बाटली घ्या आणि आणल्यावर दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये विसावू देऊन महिन्याभरात उघडा. २०२२ ची बाटली आणून कपाटावर दहा वर्षं ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

९. उघडणं आणि ओतणं

आदल्या दिवशी बाटली उभी करा. पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर दोन दिवस आधी. गाळ तळाशी बसायला तेवढा वेळ लागतो.

तापमान १५ ते १७ अंश. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे. पुण्या-मुंबईच्या तीस अंशांत या वाईनचं अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि सुगंध उडतो. खोलीतली बाटली फ्रिजमध्ये उभी दोनेक तास, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत बारा-पंधरा मिनिटं. पहिल्या घोटाचं तापमान थर्मामीटरनं मोजा, पुढच्या वेळी अंदाज येईल. ग्लासमध्ये ती लवकर तापते, म्हणून थोडी जास्त थंड झाली तरी बिघडत नाही.

टोपण ओठाच्या खालच्या कडेवर कापा. वाईन कापलेल्या धातूला लागू देऊ नका. दहा वर्षांपर्यंतच्या बुचाला साधा कॉर्कस्क्रू चालतो. त्याहून जुनं बूच स्क्रूनं मधूनच तुटतं. तिथे दोन पात्यांचा ओढणा घ्या: लांब पातं आधी, मग आखूड, डोलवत खाली न्यायचं आणि फिरवत वर ओढायचं. तरीही तुटलंच तर उरलेला भाग आत ढकला आणि बारीक गाळणीतून ओता. वाईनला काही होत नाही.

हवा किती द्यायची? दहा वर्षांच्या आतली वाईन डिकँटरमध्ये तास-दीड तास. वीस वर्षांची असेल तर डिकँटर नकोच, किंवा फक्त गाळ वेगळा करायला, पिण्याच्या आधी लगेच. जुन्या पिनो न्वारचा सुगंध नाजूक असतो, एका तासात तो खोलीत विरून जातो आणि ग्लासात आंबटपणा उरतो. ओतताना मानेखाली टॉर्च धरा, गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबा. ग्लास एक तृतीयांशच भरा. बाटलीत सहा माणसांचं होतं, चौघांचं व्यवस्थित होतं.

बिघाड ओळखायला शिका:

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास म्हणजे बुचाचा दोष. हवा देऊन तो जात नाही, उलट वाढतो. दुकानात परत न्यावी.

विझलेल्या काडीचा किंवा अंड्याचा वास म्हणजे वाईनला हवा मिळालेली नाही. ग्लास हलवा, अर्धा तास थांबा. बहुतेकदा जातो. ही वाईन फेकू नका.

मुरांब्यासारखा शिजका गोडसर वास आणि सपाट चव म्हणजे उष्णता लागली. उपाय नाही.

सुकलेलं सफरचंद, तपकिरी रंग, फोडलेल्या अक्रोडाचा वास: हवा शिरली. हिलाही उपाय नाही.

काहीच वास येत नाही, तोंडात नुसता तुरटपणा: बहुधा वाईन बिघडलेली नसते, अजून वयात यायची असते. उरलेली उद्या प्या.

१०. सोबत काय

तिखट हा या वाईनचा शत्रू. मिरचीनं तोंड पेटलं की तुरटपणा दुप्पट लागतो आणि बाकी काही कळत नाही. तांबडा रस्सा वेगळ्या दिवशी करा. त्याच पातेल्यातला अळणी रस्सा आणि मऊ शिजलेलं मटण मात्र हिच्याशी छान जमतं. लोण्यात परतलेली अळंबी, मीठ-मिरपुडीचं भाजलेलं कोंबडं, साजूक तुपातली तुरीच्या डाळीची मऊ खिचडी यांनाही ती मान देते. लिंबू, चिंच, आमसूल टाळा. गोड तर नकोच, नाहीतर वाईन आंबट लागते.

बाटली संपली नाही तर उरलेली वाईन लगेच ३७५ मिलीच्या स्वच्छ रिकाम्या बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बूच लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आत हवा नसेल तर तरुण वाईन दोन-तीन दिवस टिकते. जुनी त्याच रात्री संपवावी. तळाशी राहिलेला गाळ बारीक कापडातून गाळून दुसऱ्या दिवशीच्या मटणात घाला.